पत्र्याखालचे तापमान

मे महिन्यात वर्तमानपत्रात छापून येणारा तापमानाचा आकडा सावलीतला असतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या, झडपा असलेल्या पेटीत ठेवतात. आजूबाजूला मोकळी जमीन, आत खेळती हवा, आणि थेट ऊन कुठूनही शिरणार नाही अशी रचना. जगभर हीच पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. चंद्रपूरच्या ४५ अंशांची बगदादच्या ४५ अंशांशी तुलना करायची, तर दोन्हीकडचे मोजमाप एकाच रीतीचे हवे.

अडचण एवढीच, की त्या पेटीत कोणी राहत नाही. चंद्रपुरात ४५ अंश असतील त्या दिवशी पत्र्याच्या खोलीत स्वयंपाक करणारी बाई, डांबर पसरणारा मजूर, वीटभट्टीवर कच्च्या विटा वाहणारे जोडपे आणि वातानुकूलित बँकेतला रोखपाल ही सगळी माणसे कागदोपत्री एकाच तापमानात असतात. प्रत्यक्षात त्यांच्या शरीरांवर पडणारा भार कमालीचा वेगळा असतो. तो भार छप्पर ठरवते, काम ठरवते, पाणी आणि मोरी किती लांब आहे ते ठरवते, आणि दुपारी काम थांबवले तर संध्याकाळी चूल पेटेल की नाही, हेही ठरवते. उन्हाळा ही निसर्गाची गोष्ट आहे. पण उन्हाने कोण मरते, याचे उत्तर बरेचसे घराच्या छपरात आणि मजुरीच्या हिशेबात सापडते.

आधी शरीराकडे पाहू. आपल्या आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास, तर त्वचेचे सुमारे ३५. हवा त्वचेहून थंड असेल तोवर उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा त्याहून तापली, की एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला तरच. नुसता निथळून गेला, तर उपयोग शून्य. हवेत दमटपणा जितका जास्त, तितका घाम वाळायला वेळ. म्हणून शास्त्रज्ञ तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून येणारे तापमान पाहतात. त्याला आर्द्र तापमान म्हणू. हे ३५ अंशांना पोचले, की सावलीत स्वस्थ बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत मरेल, असे गणित स्टीव्हन शेरवुड आणि मॅथ्यू ह्यूबर यांनी २०१० मध्ये मांडले. पुढे अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत शरीराचा तोल साधारण ३१ अंशांच्या आर्द्र तापमानालाच ढळू लागतो असे दिसले. म्हातारी माणसे, हृदयविकाराचे रुग्ण, गरोदर बायका यांची मर्यादा त्याहूनही खाली.

आणि हे सगळे फारसे श्रम न करणाऱ्याचे गणित. कष्टाच्या कामात स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणजे फावडे मारणाऱ्याला दोन सूर्य असतात, एक डोक्यावर आणि एक अंगात. त्वचेकडे रक्त ढकलण्यासाठी हृदय जोरात धावते, आतड्यांना आणि मूत्रपिंडांना रक्त कमी पडते. शरीराचे तापमान चाळिशी ओलांडून गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, की तो उष्माघात. त्या अवस्थेत आतड्याचा पडदा गळू लागतो, जंतूंची विषे रक्तात उतरतात आणि एकामागून एक अवयव बंद पडतात. कांदा, पन्हे, ताक हे सगळे त्याआधीचे उपाय. एकदा ही पायरी गाठली, की बर्फ, थंड पाणी आणि दवाखाना, तेही मिनिटांच्या हिशेबात.

खारघरची घटना वाचकांना आठवत असेल. १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो लोक भर उन्हात उघड्या मैदानावर बसले होते. १४ जण दगावले. त्या दिवशी परिसरातले तापमान ३८ अंशांच्या आसपास नोंदले गेले. विदर्भातला माणूस या आकड्याला हसेल. पण हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार सपाट प्रदेशात ४० अंशांपासून आणि किनारपट्टीवर ३७ पासूनच करते, त्यामागे हेच दमटपणाचे कारण आहे. शिवाय व्यासपीठाला छप्पर होते, श्रोत्यांना नव्हते. तेवढ्या एका फरकाचा अर्थ तापमापक सांगत नाही.

छपराचा मुद्दा नीट समजून घ्यायचा, तर अहमदाबादला जावे लागते. २१ मे २०१० रोजी तिथे ४६.८ अंश नोंदले गेले. त्या मे महिन्यात शहरात ४,४६२ मृत्यू झाले. आदल्या आणि पुढच्या वर्षीच्या मेशी तुलना केल्यावर संशोधकांना १,३४४ मृत्यू जादा दिसले, म्हणजे नेहमीपेक्षा ४३ टक्के अधिक. यातल्या फार थोड्यांच्या दाखल्यावर उष्माघात लिहिलेले असणार. हृदयविकाराचा झटका, मेंदूचा झटका, मूत्रपिंड निकामी, 'वृद्धापकाळ' अशीच कारणे लिहिली जातात, आणि ती तांत्रिकदृष्ट्या खोटीही नसतात. आपल्याकडे उन्हाळ्यात सरकार जाहीर करते तो उष्माघाताच्या बळींचा आकडा मला म्हणूनच कधी खरा वाटत नाही. तो आकडा मेलेल्यांचा नसून ओळखलेल्यांचा असतो.

त्याच शहरातल्या, महापालिकेच्या शारदाबेन रुग्णालयात डॉक्टरांच्या वेगळेच काही नजरेस आले. बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, वर काळ्या डांबरी थराची गच्ची, कक्षात वातानुकूलन नाही. उन्हाळ्यात तिथली नवजात बाळे तापून अतिदक्षता विभागात येत होती. पारा ४२ च्या वर गेल्यावर प्रत्येक वाढत्या अंशामागे अशा बाळांची भरती ४३ टक्क्यांनी वाढत होती. कक्ष तळमजल्यावर हलवला, तेव्हा हे प्रमाण ६४ टक्क्यांनी उतरले. ना नवे यंत्र, ना नवे औषध. खाटा जिन्याने खाली आणल्या, इतकेच.

पॅरिसमध्येही हेच. ऑगस्ट २००३ च्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५,००० आणि साऱ्या युरोपात मिळून ७०,००० हून अधिक जादा मृत्यू झाले. पॅरिसच्या जुन्या इमारतींवर जस्ताच्या पत्र्याची छपरे आहेत आणि त्यांच्या लगेच खाली पूर्वी मोलकरणींसाठी बांधलेल्या चिमुकल्या खोल्या. तिथे आता कमी भाडे परवडणारे लोक राहतात. छपराला लागून असलेल्या मजल्यावर झोपणाऱ्या वृद्धांना मृत्यूचा धोका कित्येक पटींनी अधिक होता, असे नंतरच्या अभ्यासात आढळले. पर्यटकांना ती राखाडी छपरे फार आवडतात.

आपल्याकडे मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात धाब्याची घरे होती. जाड मातीच्या भिंती, वर लाकूड आणि मातीचा थर, दारात वाळ्याचे ताटवे. त्या घरांत गळती होती, विंचू होते, दरवर्षी डागडुजी होती. उगाच त्यांचे गोडवे गायला नकोत. पण भर दुपारी ती थंड राहत. त्यांची जागा पत्र्याने घेतली ती स्वस्त आणि झटपट म्हणून, आणि पत्रा ऊन जसेच्या तसे खाली सोडतो. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खोलीत सोडत राहतो. रात्री शरीर निवले नाही, तर दुसऱ्या दिवसाचा उन्हाळा आदल्या दिवसाच्या थकव्यावर येऊन बसतो. लाटेच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसे कोसळू लागतात, त्याचे एक कारण हे.

अहमदाबादेत २०१३ साली महापालिका, गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था आणि काही सहकारी संस्थांनी मिळून उष्णता कृती आराखडा केला. दक्षिण आशियातला हा पहिला. त्यात फार चमकदार काही नव्हते. पाच-सात दिवस आधी अंदाज, रंगांचे इशारे, पाणपोया, दुपारीही उघडी ठेवलेली उद्याने, दवाखान्यांत बर्फाच्या पिशव्या, १०८ च्या गाड्यांना सूचना आणि पुढे झोपडपट्ट्यांत छपरांना चुन्याचा पांढरा हात. पुढच्या एका अभ्यासाने त्यामुळे वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळल्याचा अंदाज केला. नागपूरनेही पुढे असा आराखडा केला. ओडिशा तर त्याआधीपासून शहाणा झाला होता, कारण १९९८ च्या एका उन्हाळ्यात तिथे २,०४२ माणसे गेली होती.

पण सारखीच गरिबी असलेल्या दोन वस्त्यांतही मृत्यू सारखे नसतात. शिकागोत जुलै १९९५ मध्ये पारा ४१ अंशांवर गेला आणि आठवडाभरात ७३९ जादा मृत्यू झाले. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी शेजारशेजारच्या दोन वस्त्या ताडून पाहिल्या. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्हीकडे गरीब, एकटी राहणारी म्हातारी माणसे. पहिल्या वस्तीत लाखामागे ४० मृत्यू, दुसऱ्या वस्तीत ४ हूनही कमी. नॉर्थ लॉनडेलमध्ये कारखाने बंद पडले होते, दुकाने ओस, रिकामे प्लॉट, रस्त्यावर गुन्हेगारीची धास्ती. म्हातारी माणसे दारे-खिडक्या लावून आत बसली. साउथ लॉनडेलमध्ये गजबजलेला बाजार होता. म्हातारी बाई उन्हाने कासावीस झाली, तर उठून समोरच्या थंडगार दुकानात जाऊन बसू शकत होती आणि दोन दिवस दिसली नाही, तर कोणीतरी दार वाजवत होते. बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या नॉर्थ लॉनडेलची ती अवस्था आपोआप आलेली नव्हती. अमेरिकेत १९३० च्या दशकात ज्या वस्त्या नकाशावर लाल रंगवून गृहकर्जापासून दूर ठेवल्या, त्या आजही इतर वस्त्यांपेक्षा सरासरी २.६ अंशांनी अधिक तापतात, असे १०८ शहरांच्या पाहणीत दिसले. कर्ज नाही, म्हणून गुंतवणूक नाही, म्हणून झाडे नाहीत. नव्वद वर्षांपूर्वीचा एक सरकारी रंग आजच्या डांबरात उरला आहे.

आता मजुरीकडे येऊ. खरा गुंता तिथे आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार ३३-३४ अंशांना मध्यम कष्टाचे काम करणाऱ्याची कार्यक्षमता निम्म्यावर येते. २०३० पर्यंत भारत उष्णतेमुळे एकूण कामाच्या तासांपैकी ५.८ टक्के तास गमावेल, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके काम, असा त्याच अहवालाचा अंदाज. हे आकडे वाचताना तोटा देशाचा वाटतो. वाटून पाहिला, तर तो फार थोड्यांच्या अंगावर पडतो. पगारदार माणसाचे दुपारी काम मंदावले, तरी पगार तेवढाच. मजूर नाक्यावरून उचललेल्या माणसाचे काम मंदावले, तर उद्या त्याला कोणी उचलत नाही. उक्त्या कामावरचा माणूस थांबला, की त्याचा मीटर थांबतो. म्हणून तो थांबत नाही. पाणी पिऊन येण्याची दहा मिनिटेही त्याला पैशात मोजावी लागतात.

कारखान्यांतही हे दिसते. भारतातल्या कारखान्यांच्या राष्ट्रीय आकडेवारीवरून ई. सोमनाथन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की वार्षिक तापमान एका अंशाने वाढले, तर कारखान्याचे उत्पादन सुमारे २ टक्क्यांनी घटते. बंगळुरूच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत एक गमतीशीर गोष्ट आढळली. मालकांनी वीज वाचवण्यासाठी जुने दिवे काढून एलईडी लावले. नवे दिवे कमी तापत, त्यामुळे शिवणाऱ्या बायकांचे काम उष्ण दिवसांतही फारसे घसरेना. बायकांच्या डोक्यावरची उष्णता कमी करायला म्हणून कोणी ते दिवे लावले नव्हते.

बायकांचा हिशेब आणखी एका ठिकाणी अडतो. बांधकामावर, भट्टीवर, मिठागरावर शौचालय नसते, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. हे भारतातल्या अनेक अभ्यासांत पुन्हापुन्हा नोंदले गेले आहे, आणि कोणत्याही साइटवरची बाई ते एका वाक्यात सांगेल. चेन्नईच्या विद्या वेणुगोपाल यांच्या गटाने तमिळनाडूतल्या ८०० गरोदर बायकांचा मागोवा घेतला. उष्ण ठिकाणी काम करणाऱ्यांत गर्भपाताचे प्रमाण ५ टक्के, इतरांत २ टक्के. म्हणजे विषमता जन्माआधीच सुरू होते.

शेतावरच्या उन्हाचा सर्वांत लांबचा वार शरीरावर नसून पिकावर असतो. रॉबिन बर्जेस, मायकेल ग्रीनस्टोन आणि सहकाऱ्यांनी १९५७ ते २००० या काळातली भारतातल्या जिल्ह्यांची आकडेवारी तपासली. उष्ण दिवस वाढले, की ग्रामीण मृत्युदर वाढत होता, शहरी फारसा नाही. तेही विशेषतः पीक उभे असतानाच्या उष्ण दिवसांनी. ऊन तेच, मग पेरणीनंतरचे ऊन जास्त का मारते? कारण पीक करपते, मजुरी घटते, आणि मृत्यू महिन्यांनंतर कुपोषणाच्या, अंगावर काढलेल्या आजाराच्या वाटेने येतो. जिथे बँकेच्या शाखा पोचल्या होत्या, तिथे हा परिणाम सौम्य होता. वाईट हंगामात सावकाराऐवजी बँक असणे हा उष्माघातावरचा उपाय आहे, असे कोणी आरोग्य खात्यात म्हटले, तर हसे होईल. आकडे मात्र तेच सांगतात.

थंडीबद्दल थोडे. जगाचा हिशेब मांडला, तर आजही गारठ्याने जाणारे जीव उन्हाहून कितीतरी अधिक आहेत. २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासात वर्षाला सुमारे ४६ लाख विरुद्ध ४.९ लाख असा अंदाज आहे. पण इथेही छप्पर डोके वर काढते. तापमान एकाच प्रमाणात उतरले, तर फिनलंडपेक्षा अथेन्ससारख्या उबदार शहरात मृत्यू अधिक वाढतात, हे १९९७ मध्ये एका युरोपीय अभ्यासाने दाखवले. उत्तरेतली घरे उबदार ठेवलेली आणि माणसे लोकरीत गुंडाळलेली. दक्षिणेत थंडीची तयारीच नव्हती. आपल्या राष्ट्रीय आपत्तींच्या यादीत मात्र विचित्र असमतोल राहिला. मदतनिधीसाठी ठरवलेल्या बारा आपत्तींत थंडीची लाट २०१२ मध्ये आली. उष्णतेची लाट घालायला पंधराव्या वित्त आयोगानेही नकार दिला. ओडिशा, केरळ अशा काही राज्यांनी ती आपापल्या पातळीवर आपत्ती ठरवली. यादीत नाव असणे म्हणजे मदतीचा हक्क, एवढा साधा अर्थ त्यामागे आहे.

या पोकळीत विम्याचा एक प्रयोग सुरू झाला. 'सेवा' या स्त्री-कामगारांच्या संघटनेने २०२३ मध्ये गुजरातमधल्या २१,००० सभासदांसाठी उष्णता विमा आणला, २०२४ मध्ये तो महाराष्ट्र आणि राजस्थान धरून ५०,००० बायकांपर्यंत नेला. ठरलेल्या काळात तापमान ठरलेल्या रेषेच्या वर राहिले, की पंचनामा नाही, दाखला नाही, थेट खात्यात पैसे. २०२४ च्या उन्हाळ्यात विम्याच्या जोडीला प्रत्येकी ४०० रुपयांची रोख मदतही मिळाली. ४०० रुपये म्हणजे जेमतेम एका दिवसाची मजुरी. तरी कल्पना नेमकी आहे. भर दुपारी काम न करण्याची किंमत कोणीतरी देणे भाग आहे, हे तिने मान्य केले. आपले सरकारी सल्ले 'दुपारी १२ ते ३ बाहेर पडू नका' एवढे सांगून थांबतात. कतारसारख्या देशाने, तिथल्या स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंवर जगभर ओरड झाल्यावर का होईना, २०२१ मध्ये उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावरच्या कामाला कायद्यानेच बंदी केली.

काम थांबवले, तर उत्पादन बुडेल, ही त्यावरची नेहमीची हरकत. ती एल साल्वाडोरच्या उसाच्या फडात तपासली गेली आहे. मध्य अमेरिकेत ऊस तोडणाऱ्या तरुण, मधुमेह नसलेल्या माणसांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे २००२ मध्ये सान साल्वाडोरच्या डॉक्टरांनी नोंदवले होते. रोज उन्हात घाम गाळून शरीर कोरडे पडणे हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. २०१४-१५ च्या हंगामात एका कारखान्याच्या तोडणी टोळ्यांना हलवता येणारा सावलीचा तंबू, पुरेसे पाणी आणि ठरलेल्या विश्रांती देण्यात आल्या. माणशी दिवसाची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. सोबत कोयताही सुधारला होता, तोडीची पद्धतही, त्यामुळे सगळे श्रेय सावलीला देता येणार नाही. पण विश्रांतीने ऊस कमी तुटला नाही, एवढे नक्की.

बीडहून निघणाऱ्या टोळ्यांचा हंगाम बहुतांश हिवाळ्यात असतो, त्यामुळे ती परिस्थिती इथे जशीच्या तशी लागू होत नाही. शेवटचे फड मात्र मार्चच्या उन्हात सापडतात आणि तोवर उचल फिटलेली नसेल, तर थांबण्याचा प्रश्नच नसतो. आजारपणाच्या दिवसाचाही मुकादम खाडा लावतो. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचे आणि तेवढीच भर सरकारने घालण्याचे ठरले आहे. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असे धरले, तर त्यांच्या घामातून रोज ४० रुपये त्या निधीत जमा व्हायला हवेत. दहा कोयत्यांच्या टोळीचे ४०० रुपये. दिवसाला तेवढ्यात एका फडावर ताडपत्रीचा मांडव, पाण्याचा टाकीभर साठा आणि बायकांसाठी आडोशाची मोरी उभी करता येते का, हा हिशेब एखाद्या साखर कारखान्याच्या लेखापालालाही अर्ध्या तासात मांडता येईल.